संगणकाचा ताप : ओळख आणि तपासणी

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचा प्रबंध पूर्ण होत आला होता. शेवटची दोन प्रकरणे तिने पेन ड्राइव्हमध्येच ठेवली होती. ती छापून घेण्यासाठी ती एका झेरॉक्सच्या दुकानात गेली. कमरीपेठेतल्या आमच्या घरी परत येऊन पेन ड्राइव्ह लावते, तो आतल्या सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट! एकही उघडेना. "अण्णा, माझे दोन महिने पाण्यात गेले!" म्हणून ती रडू लागली. ओळखीच्या एका जाणकाराने सल्ला दिला, "फॉरमॅट करून टाका." सुदैवाने आम्ही हात आवरला. तिचे लेखन पुसले गेले नव्हते. विषाणूने ते केवळ लपविले होते. फॉरमॅट केले असते, तर विषाणूने न केलेले नुकसान आम्हीच करून बसलो असतो.

म्हणून हा रोग नीट समजून घेणे अगत्याचे आहे. उपद्रवी आज्ञावलींना मिळून 'मालवेअर' म्हणतात. त्यांपैकी 'व्हायरस' दुसऱ्या फाइलीला चिकटून पसरतो. 'वर्म' जाळ्यातून आपला आपण पसरतो. 'ट्रोजन' उपयुक्त वस्तूचे सोंग घेऊन येतो. फुकटात मिळविलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरमधून तो पुष्कळदा घरात शिरतो. 'स्पायवेअर' पासवर्ड टिपून घेते, तर 'रॅन्समवेअर' फाइलींना कुलूप घालून खंडणी मागते.

हा रोग नवा नव्हे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून जगभर गेला. योगायोग असा की, आपल्याकडे त्यावरील औषधही दोन भावांनीच शोधले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे दुरुस्तीस येणारे संगणक विषाणूंनी ग्रासलेले आढळू लागले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. त्यातूनच १९९० च्या दशकात 'क्विक हील' उभे राहिले.

आता तपासणी. संगणक मंद झाला की विषाणूच आला, असे समजू नये. डिस्क भरल्यानेही तसे होते. मात्र ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे, जाहिराती उसळणे, संरक्षक प्रोग्राम आपोआप बंद पडणे, ही लक्षणे संशयास्पद होत. अशा वेळी प्रथम इंटरनेट तोडावे. मग 'टास्क मॅनेजर' उघडून 'स्टार्टअप'मध्ये अनोळखी नाव दिसते काय ते पाहावे. पण नाव अनोळखी आहे एवढ्यावरून काही पुसू नये. त्यानंतर 'विंडोज सिक्युरिटी'तून 'फुल स्कॅन' करावा. शंका उरल्यास 'ऑफलाइन स्कॅन' करावा. त्यात विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होत असल्याने दडून बसलेला विषाणूही सापडण्याचा संभव वाढतो. ब्राउझरमधील अनोळखी 'एक्स्टेंशन' काढून टाकावीत. पासवर्ड बदलावयाचे, ते दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून. भारत सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची साधनेही विनामूल्य मिळतात.

आम्ही हेच केले. पेन ड्राइव्ह स्कॅन केला. नंतर 'व्ह्यू'मधील 'हिडन आयटेम्स'वर खूण केली. तरी काही दिसेना, तेव्हा फोल्डरच्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन संरक्षित सिस्टिम फाइली लपविण्याची खूण काढली. दोन्ही प्रकरणे जशीच्या तशी समोर आली! बहिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

परंतु दर वेळी दैव असे साथ देत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभरातील लाखो संगणकांना कुलूप घातले. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती घेतलीच नव्हती. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, हे जुने संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि एकदा घातलेले कुलूप औषधाने निघेलच असे नाही. तेथे उपयोगी पडते ती संगणकापासून अलग ठेवलेली दुसरी प्रत.

विद्यार्थी मित्रहो, ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो, लगेच शस्त्रक्रिया करीत नाही. संगणकाचेही तसेच आहे. आधी थांबावे, मग पाहावे, शेवटी पुसावे. आणि आज हा अंक मिटण्यापूर्वी आपल्या वर्षभराच्या टिपणांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. आमच्या घरी आता दर रविवारी हे काम होते, आणि ते बहीणच करते.