शाई मधल्या बोटावर

निवडणूक आली की फौजींच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. 'तिकडून व्हिडिओ कॉल होतो, मोबाइलवरून पैसे पाठवता येतात, मग मतच तेवढं का देता येत नाही?' सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या गावांत तर हा घराघरातला विषय. प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र वाटतं तितकं सोपं नाही.

अमेरिकेने हे करून पाहायचं ठरवलं होतं. परदेशी तैनात असलेले सैनिक आणि तिथे राहणारे नागरिक यांच्यासाठी तिथल्या संरक्षण खात्याने 'सर्व्ह' नावाची इंटरनेट मतदानाची योजना आखली. खर्च सुमारे सव्वादोन कोटी डॉलर. जानेवारी २००४ मध्ये चार संगणकतज्ज्ञांनी इशारा दिला, की साध्या संगणकावरून दिलेलं मत वाटेत कुणी बदललं, तर ते कुणाला कळणारसुद्धा नाही. पुढच्याच महिन्यात योजना गुंडाळली गेली. २०१० साली वॉशिंग्टन शहराने परदेशातल्या मतदारांसाठी अशीच सोय केली आणि आधी 'फोडून दाखवा' असं जाहीर आव्हान दिलं. मिशिगन विद्यापीठाच्या चमूने ४८ तासांच्या आत ती फोडली, चाचणीतली मतं बदलली आणि वर मतदारांच्या पडद्यावर आपल्या विद्यापीठाचं गाणं वाजवलं!

मग बँकेचं कसं चालतं, असं तुम्ही म्हणाल. बँकेत गडबड झाली तर पासबुकात दिसतं, आपण जाऊन भांडू शकतो. मताला पासबुक नसतं, आणि असूही नये. कुणाला मत दिलं हे दाखवता येऊ लागलं, तर 'दाखव' म्हणणाराही उभा राहणारच. जिथे वरिष्ठाचा शब्द पाळावाच लागतो, तिथे तर ही गुप्तता जास्तच जपायला हवी.

आपल्याकडे म्हणूनच मधला मार्ग निघाला. पूर्वी मतपत्रिका टपालाने जायची आणि टपालानेच यायची. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय ती छापता येत नाही. त्यानंतर ती बर्फातल्या चौकीवर किंवा दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेच्या छावणीत पोहोचून परत येईपर्यंत अनेकदा निकालही लागलेला असायचा. २०१६ पासून मतपत्रिका संगणकावरून जाऊ लागली. ही पद्धत सी-डॅकच्या मदतीने उभी राहिली. युनिटमध्ये ती छापून घ्यायची, खूण करायची, पाकिटात बंद करायची आणि टपालात टाकायची. म्हणजे जाताना इंटरनेट, येताना कागद. मतमोजणी सुरू होण्याआधी पाकीट पोहोचलं की झालं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत सैनिक मतदारांपैकी जेमतेम ४ टक्क्यांची मतं आली होती. २०१९ मध्ये १८ लाखांपैकी सुमारे ६० टक्क्यांची आली. एकच खेप वाचली, तर एवढा फरक!

दुसरी सोय २००३ पासून आहे आणि ती थेट आपल्या उंबऱ्यापर्यंत येते. सैनिकाला आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या कुणालाही प्रतिनिधी नेमता येतं. बायको, आई, बहीण, कुणीही. ती केंद्रावर जाऊन स्वतःचं मत देते आणि त्याचंही. स्वतःच्या मताची शाई तर्जनीवर, त्याच्या मताची डाव्या हाताच्या मधल्या बोटावर. 'हे सांगतील तिथे शिक्का' हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय! इथे मात्र तो तिच्यावर विश्वास टाकून मोकळा होतो. यंत्रापुढे ती एकटीच असते.

पण याच कायद्यात एक खोट बरीच वर्षं राहून गेली. सैनिकासोबत त्याच्या नेमणुकीच्या गावी राहणाऱ्या 'पत्नी'ला सैनिक मतदार म्हणून नाव नोंदवता यायचं. महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला मात्र नाही. फौजी म्हणजे पुरुषच, आणि मागोमाग जाते ती बायकोच, हे १९५० च्या कायद्याने धरूनच चाललेलं. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने 'पत्नी'च्या जागी 'जोडीदार' आला आणि ऑगस्ट २०२२ पासून तो लागू झाला. बदलला एकच शब्द, पण त्याला सत्तर वर्षं लागली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं कुणी फौजेत असेल, तर पुढच्या फोनवर जेवणखाण, तब्येत विचारून झालं की हेही विचारा: मतदारयादीच्या शेवटच्या भागात, सैनिक मतदारांत, तुझं नाव आहे का? मतपत्रिका मागवणार आहेस, की प्रतिनिधी नेमणार? गावच्या साध्या यादीत जुनं नाव राहिलं असेल तर ते काढून घ्यायला सांगा, कारण दोन्हीकडे नाव चालत नाही. आणि हे सगळं निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच करा. नंतर धावाधाव करून हाती काही लागत नाही.