जाहिरात-संगीताच्या पेढीची विक्री : विक्रेय वस्तू कोणती?

विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून १ नोव्हेंबर १९६७ रोजी व्यापारी प्रसारण सुरू झाले. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शननेही जाहिराती स्वीकारल्या. वस्तूची महती अर्ध्या मिनिटात गाऊन सांगणाऱ्या जिंगलच्या धंद्यास मुंबईत त्यामुळे बरकत आली. वनराज भाटियांसारख्या, पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या रचनाकारानेही हजारो जिंगल रचल्या. या धंद्यातील लहान पेढीचा संसार मात्र बेताचाच : एक संगीतकार, एकदोन साहाय्यक, भाड्याचा स्टुडिओ आणि कपाटभर ध्वनिमुद्रणे. अशी पेढी विकली जाते तेव्हा खरेदीदाराच्या पदरात नेमके काय पडते?

‘चाली’ हे उत्तर सहज सुचते. पण गोम तेथेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमान्वये चालीची पहिली मालकी, विरुद्ध करार नसल्यास, ती रचणाऱ्याची असते. तो पगारी नोकर असेल व नोकरीच्या ओघात चाल रचली असेल, तर मालकाची. ध्वनिमुद्रणाचा हक्क याहून वेगळा असून तो निर्मात्याकडे जातो. टायटन घड्याळांच्या जाहिरातीत वापरलेली मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतील सुरावट आज कोणाचीच मालमत्ता नाही. तिच्या एखाद्या ध्वनिमुद्रणावर मात्र हक्क असू शकतो. तेव्हा बाहेरच्या संगीतकाराकडून केवळ तोंडी बोलीवर चाली करवून घेणाऱ्या पेढीजवळ विकण्याजोगे फारसे उरत नाही. हक्काचे हस्तांतर लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. लेखात मुदत नसल्यास ते पाच वर्षांपुरतेच समजले जाते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वशुल्काचा आपला वाटा, वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज, कोणासही देऊन टाकता येत नाही. ही तरतूद न्याय्यच आहे. परंतु खरेदीदाराने तिचा बोजा किमतीत धरलाच पाहिजे.

उरते ती पेढीची ख्याती, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेतील गुडविल. जुनी गिऱ्हाइके जुन्या जागी पुन्हा येण्याचा संभव, असे तिचे लक्षण लॉर्ड एल्डन यांनी १८१० मध्ये सांगितले. किराणा दुकानास ते चपखल लागू पडते. जाहिरात-संगीतात जागेला महत्त्व नाही. जाहिरातसंस्था येते ती एका विशिष्ट माणसाच्या कानावर विश्वासून. तो माणूस पैसे घेऊन पलीकडच्या गल्लीत नवी पाटी लावील, तर ख्याती त्याच्यामागून चालू लागेल.

याला कायद्याचा अटकाव आहे, पण अपुरा. विसर्जित भागीदारीची ख्याती विकली गेल्यास, १९३२ च्या भागीदारी अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार, भागीदारास स्पर्धेचा धंदा काढता येतो. जुने नाव वापरणे आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे काम मागणे मात्र, वेगळा करार नसल्यास, वर्ज्य आहे. स्पर्धाच नको असेल तर तसे लिहून घ्यावे लागते. व्यापारास प्रतिबंध करणारा करार १८७२ च्या करार अधिनियमाच्या २७ व्या कलमाने सामान्यतः शून्य ठरतो. ख्यातीची विक्री हा त्यास स्पष्ट अपवाद आहे. मात्र प्रतिबंध विवक्षित स्थानिक मर्यादेतील व वाजवी असावा लागतो. चाल जेथे क्षणात तारेवरून चेन्नईहून मुंबईस पोहोचते, तेथे ‘स्थानिक मर्यादा’ आखावयाची कोठे?

म्हणूनच जाणता खरेदीदार सर्व किंमत एकदम मोजून देत नाही. काही रक्कम तो पुढील दोन-तीन वर्षांच्या प्राप्तीवर ठेवतो आणि तेवढा काळ विक्रेत्याने पेढीतच बसून गिऱ्हाइकांची नव्या मालकाशी ओळख करून द्यावी, असे करारात घालून घेतो.