मसूर आले, पदर घ्या!

गेल्या दिवाळीत धाकटी नात पुण्याहून आली. पुणे–कोल्हापूर वंदे भारत २०२४ मध्ये सुरू झाली, ती कऱ्हाडला थांबते. त्या गाडीने आली. हे आणि मी तिला आणायला स्टेशनावर गेलो होतो. दारे आपोआप सरकली, माणसे उतरू लागली आणि त्यांतच आमची नात उतरली. झोपताना घालतात तसली ढगळ विजार, तिच्यावर मांजरांची चित्रे, वर भावाचा असावा असा सैल सदरा आणि पायांत रबरी सपाता! ह्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "हिला बरं नाही का गं?"

तिला अगदी उत्तम होते. रिक्षात बसल्यावर मीच विषय काढला, तेव्हा म्हणाली, "आजी, प्रवासातच तर सुटसुटीत हवं ना! घरी पोचले की नेसते की तुझी साडी."

तिचे ते उत्तर मला दिवसभर पुरले. आमच्या वेळी नेमके उलटे होते. घरात जुनेर नेसा, विटके नेसा, कोणी विचारीत नसे. पण गावाला निघायचे म्हणजे ट्रंकेच्या तळाची घडी मोडायची. आणि ज्या स्टेशनावर ही पोर मांजरे मिरवीत उतरली, त्याच स्टेशनावर उतरण्याआधी माझ्या आईला काय दिव्य करावे लागे, ते मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आमचे मूळ घर कऱ्हाडचे. वडील नोकरीनिमित्त पुण्यात. परीक्षा संपल्या की आम्ही कऱ्हाडला यायचो. पुणे–मिरज रस्ता तेव्हा मीटरगेजचा होता. मुंबईची मोठी गाडी पुण्याला थांबायची आणि पुढे ही धाकटी गाडी डुगडुगत निघायची. रूळ रुंद झाले ते १९७१ च्या सुमारास. तोवर कोळशाचे इंजिन. खिडकीसाठी आम्हां भावंडांची मारामारी चाले, आणि जिंकणाऱ्याच्या डोळ्यात जेजुरीच्या आत कोळशाची कणी गेलेली असे. अंगावरच्या पांढऱ्याची कशी दशा होई, ते सांगायलाच नको.

म्हणजे पाहा, पंचाईत दुहेरी होती. प्रवासाला चांगले नेसावे ही रीत, आणि चांगले नेसले तर ते उतरेपर्यंत काळे होणार ही खात्री! त्यावर बायकांनी तोड काढली होती. एक गाडीत नेसायचे आणि एक उतरताना नेसायचे. गाडीतले गडद रंगाचे, मळखाऊ. उतरायचे मात्र ठेवणीतले, ट्रंकेत सगळ्यांत वर, फडक्यात गुंडाळलेले.

पण आमच्या आईचे दुखणे नुसत्या कोळशाचे नव्हते. ती पुण्यात पाचवारी नेसू लागली होती. आज पाचवारी साडी म्हणजे जुन्या वळणाची निशाणी. त्या काळी तिच्यावरून घरोघर वाद झाले होते. कासोटा घालायचा की नाही, सकच्छ बरे की विकच्छ, यावर शिकलीसवरलेली माणसे हिरिरीने भांडली. पुण्यामुंबईच्या नोकरदार घरांत गोल नेसण्याची रीत हळूहळू पडली, पण आमच्या कऱ्हाडच्या आजीच्या लेखी कासोटा नाही म्हणजे नेसलेच नाही. तेव्हा आई पुण्याच्या स्टेशनावर पाचवारीत चढे आणि कऱ्हाडच्या स्टेशनावर नऊवारीत उतरे. ही किमया धावत्या गाडीत, बायकांच्या डब्यात होई.

रहिमतपूर सोडले की आमची आत्या वळकटी सोडून सोलापुरी चादर काढायची. एक टोक आत्याच्या हातात, दुसरे समोरच्या कुणा अनोळखी बाईच्या. त्या आडोशाला आई नऊ वार लुगडे नेसायची. गाडीने हिसका दिला की निऱ्या सुटायच्या, की पुन्हा पहिल्यापासून! हसू नका, एकट्या आईचेच हे नव्हते. तिचे आटोपले की चादर पलीकडच्या बाकाकडे सरके, कारण तिकडेही कुणी सांगलीच्या सासरला निघालेली असे. मग फिरकीच्या तांब्यातल्या पाण्याने टॉवेलाचे टोक भिजवून आमची तोंडे पुसली जायची, आणि मसूरचा फलाट दिसला की आत्याची ललकारी यायची, "मसूर आलं, पदर घ्या!" आईचा पदर दोन्ही खांद्यांवरून यायचा. पुढे शिरवडे आणि मग कऱ्हाड. स्टेशन गावापासून तीनेक मैलांवर, प्रभाकर कंदिलांच्या कारखान्यामुळे सगळीकडे ठाऊक झालेल्या ओगलेवाडीला. तिथे टांगा घ्यायचा. टांगेवालाही ओळखीचा, म्हणजे परीक्षा तिथूनच सुरू!

वडील मसूरला काय करीत? खिशातली टोपी काढून डोक्यावर ठेवीत. संपले!

पुरुषांचा पोशाख बदलला नाही असे नाही. उलट बायकांच्या आधी आणि अधिक बदलला. आजोबांच्या लहानपणी पागोट्या-पगडीवरून माणसाचा गाव आणि जात दोन्ही कळत. मग पगडी जाऊन काळी टोपी आली, ती जाऊन पांढरी आली, धोतर जाऊन पाटलोण आली. कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांचे धोतर आणि पांढरी टोपी आम्हांला घरच्यासारखी वाटे. त्याच्या आत-बाहेर गावातल्या तरुणांची डोकी उघडी पडलीदेखील. कुणी कपाळाला हात लावला असेल, पण त्यांना चादरीआड जावे लागले नाही.

आता त्या चादरीबद्दल. तिचे टोक धरून उभी राहणारी आमची आत्या ही वडिलांची थोरली बहीण. ती बालविधवा होती. अंगावर लाल आलवण, आणि त्याचाच पदर केस काढलेल्या डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. तिला रहिमतपूरला काही बदलायचे नसे आणि मसूरला काही सावरायचे नसे. "मला बरं आहे बाई," ती म्हणायची, "मला पुणं काय नि कऱ्हाड काय, एकच."

एकदा पुण्याला डब्यात उभे राहायला जागा नव्हती. आत्या एका बाकाच्या कडेला टेकली. शेजारच्या बाईंनी आपल्या नव्या सुनेला चटकन उचलून पलीकडे बसवले, आणि स्वतःही सरकल्या. आत्या ऐसपैस बसली, मला मांडीवर घेतले आणि हसून म्हणाली, "बघ, आपल्याला कशी जागा मिळते!" मला खरेच वाटले, की आत्या बरोबर असली म्हणजे जागा मिळते. शाळेत मी मैत्रिणींना तसे सांगितलेसुद्धा. त्या सरकण्याचा अर्थ कळायला मला पुढे पंधरा वर्षे लागली, आणि तोवर आत्या गेलेली होती.

प्रवासात माणूस अनोळखी असतो, म्हणून त्याचे कपडेच त्याच्याबद्दल बोलतात. सवाष्ण की विधवा, गावची की शहरातली, तिसऱ्या वर्गाची की पहिल्या, हे तोंड उघडण्याआधी कळले पाहिजे, अशी तेव्हाची व्यवस्था होती. म्हणून तर गांधीजींनी १९२१ मध्ये मदुरेला पंचा स्वीकारला आणि १९३१ मध्ये त्याच वेषात ते लंडनला राजाच्या भेटीला गेले, तेव्हा जगभर चर्चा झाली. ते गांधीजी होते. साध्या बाईने आपल्या मनाचे काही अंगावर घालून घराबाहेर पडणे त्याहून सोपे होते, असे मला वाटत नाही.

आनंदीबाई जोशींचेच पाहा. गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली, तेव्हा नवराबायको बरोबर फिरायला निघतात म्हणून लोकांनी त्यांना सतावले. पुढे १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे, बंगाल्यातल्या बरे का, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, अठरा वर्षांच्याही न झालेल्या या मुलीने भाषण केले आणि आपण अमेरिकेत आहार, आचार, पोशाख काही बदलणार नाही, असे भरसभेत सांगितले. त्याच एप्रिलमध्ये ती बोटीत चढली. पण फिलाडेल्फियाच्या थंडीला भाषण काय ठाऊक? नऊवारीत पाय उघडे पडतात, म्हणून ती गुजराती पद्धतीने साडी नेसू लागली. घोटे झाकले जातात आणि साडीही राहते. तरी नवऱ्याची समजूत काढता काढता बिचारीच्या नाकी नऊ आले. समुद्र ओलांडला तरी मसूर सुटले नाही! हिंगण्याच्या पार्वतीबाई आठवले तर आमच्या आत्यासारख्याच. त्यांनी विधवेचा वेष टाकला, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेलाही जाऊन आल्या. आत्याला हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. तिच्याजवळ असले काही बोलावे एवढी अक्कल मला नव्हती.

माझे लग्न १९६६ मध्ये झाले, आणि योगायोग असा की सासरही कऱ्हाडचेच मिळाले. तोवर पाचवारीला इथेही मान मिळाला होता, म्हणून चादरीची पाळी माझ्यावर आली नाही. पण तेव्हा नायलॉनचे वेड होते. नायलॉनची साडी म्हणजे प्रवासाला वरदान! मुठीत मावते, इस्त्री नको, रात्री धुतली की सकाळी वाळते. पुरुषांना टेरिलीनचे तसेच. मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले ती फिकट गुलाबी नायलॉन नेसून, खिडकीशी. वाठारच्या पुढे इंजिनाची एक ठिणगी आत आली, आणि पदराला चवलीएवढे भोक! आईने दारातच ते पाहिले. "मळखाऊ काहीतरी नेसावं गाडीत," एवढेच म्हणाली.

नऊवारी गेल्याने एक सोय मात्र गेली, ती कनवट. पैसे कनवटीला खोचले की चोराचा बाप ते काढू शकत नसे. पाचवारीला कनवट नाही म्हणून हातात पर्स आली, आणि पर्स आली म्हणून ती गाडीत विसरणे आले. दुसरी अडचण एस.टी.ची. १ जून १९४८ ला पुणे–नगर पहिली एस.टी. सुटली आणि बघता बघता ती वाडीवाडीला पोचली. पण तिची पायरी ज्याने योजली, त्याच्या डोळ्यांपुढे कासोटा घातलेली बाईच असावी. आत्याच्या वयाच्या म्हाताऱ्या टुणकन चढत, आणि आम्ही तरण्याताठ्या एका हाताने निऱ्या धरून लटकत राहायचो.

एस.टी.ने येऊ लागलो, तेव्हा मसूरची जागा उंब्रजने घेतली. १९९४ मध्ये आम्ही दोघे टूरवाल्यांबरोबर हिमालयात गेलो. बायकांनी पंजाबी ड्रेस आणावेत, असे त्यांच्या पत्रकातच छापले होते. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, जन्मात कधी घातला नव्हता. दोन शिवून घेतले, तेही कऱ्हाडात नव्हे, पुण्यात. आणि काय सांगू, घोड्यावर बसताना, बर्फात चालताना असे वाटले, की आजवर पाय बांधून चालत होते! परत येताना मात्र पुण्याला उतरले, बहिणीकडे जाऊन साडी नेसले आणि मग कऱ्हाडची एस.टी. धरली. आमच्या कंपूतल्या चारही बायकांनी तेच केले. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या. मला अडवणारे घरात कोणीच नव्हते. ह्यांनी तर विचारलेही, "कशाला बदललंस?" मला उत्तर देता आले नाही. पुढे सून यायची, ती पुण्याहून जीन घालून निघे आणि उंब्रज गेले की खांद्यावर ओढणी टाकी. मी तिला एका अक्षराने कधी बोलले नव्हते.

म्हणून नातीचा राग आला, तरी तो मला नीट करता येईना. एक सांगते, झोपायचे कपडे घालून चारचौघांत येऊ नये, हे माझे मत अजून कायम आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांचाही काही मान ठेवावा. पण तिच्या गाडीत चादर धरून कोणाला उभे राहावे लागले नाही, आणि तिच्या शेजारचे कोणी सरकून बसले नाही, हेही मी त्याच स्टेशनावर पाहिले. कोळसा गेला, तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला. आता माणूस कोण, हे कपड्यांवरून ओळखायचे कामही उरले नाही. पंच्याहत्तरी उलटल्यावर मला एस.टी.चा प्रवास फुकट आहे. परवा साताऱ्याला जाताना मी चांगली इरकल नेसले होते. कंडक्टरने साडीकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. "आजी, आधार," म्हणाला, आणि कार्डावरचे साल पाहून पुढे गेला.

संक्रांतीला नात पुन्हा आली. मी स्वयंपाकघरात होते, अंगावर रोजचा गाऊन. फोन वाजला. "आजी, मसूर गेलं गं! निघा तुम्ही."

मी गॅस बंद केला आणि साडी नेसायला आत गेले. हे बाहेरून ओरडत होते, "अगं, रिक्षा आली! गाऊनवर शाल घे की, कोण बघतंय!" निऱ्या दोनदा चुकल्या. आम्ही पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती आणि नात बाकावर बसून आमची वाट पाहत होती. विजार तीच, मांजरांची.

"आजी," ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं नटायचं कशाला?"

"तुझ्यासाठी नाही गं," मी म्हटले, आणि पिशवी उचलली.