तेरा टक्क्यांचा कुकर

मातीच्या भांड्यात शिजवलं तर अन्नातलं सत्त्व १०० टक्के टिकतं, काशाच्या भांड्यात ९७ टक्के आणि प्रेशर कुकरमध्ये म्हणे फक्त १३ टक्के. हा संदेश नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून नव्याने उगवतो. खाली हात जोडलेल्यांची रांग लागते आणि कुणीतरी लिहितं, 'म्हणूनच हल्ली तिशीतच गुडघे दुखतात!' मग लोकलमधून उतरून संध्याकाळी साडेसातला घरात शिरणाऱ्या बाईला किंवा बुवाला कुकर लावताना उगाच मन खातं. पोरं भुकेली, सासऱ्यांची जेवणाची वेळ ठरलेली आणि वर हे पाप!

वाचकहो, असा आकडा दिसला की आधी विचारावं : टक्के कशाचे? सत्त्व नावाचा एकच पदार्थ डाळीत नसतो. प्रथिनं असतात, पिष्ट असतं, लोह, जस्त, मॅग्नेशियम असतं, ब गटातली काही जीवनसत्त्वं असतात. लोह हे मूलद्रव्य आहे. ते नष्ट व्हायला ताऱ्याच्या पोटातलं तापमान लागेल, तुमच्या शेगडीला ते जमणार नाही. प्रथिनं उष्णतेने उलगडतात, पण नाहीशी होत नाहीत. उलट कच्च्या डाळीत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात आणि मगच ती प्रथिनं आपल्याला नीट पचतात. खरोखर घटतं ते थायमिन, फोलेट, क जीवनसत्त्व. ती घट तापमानावर अवलंबून असते, तितकीच वेळेवर आणि ओतून दिलेल्या पाण्यावर. कुकरमध्ये तापमान जास्त पण वेळ थोडा, उघड्या पातेल्यात तापमान कमी पण वेळ लांबलचक. जीवनसत्त्वागणिक आणि पदार्थागणिक उत्तर बदलतं. सगळ्या अन्नाला मिळून एकच टक्केवारी मोजण्याची पद्धतच अस्तित्वात नाही, तर १३ आले कुठून?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये भारतीयांसाठी नवी आहारविषयक मार्गदर्शिका काढली. डाळी-कडधान्यांसाठी उकडणं आणि प्रेशर कुकरमध्ये शिजवणं या पद्धती तिने उत्तम ठरवल्या आहेत. मातीच्या भांड्यांचीही तीत स्तुती आहे. म्हणजे ज्यांच्याकडे मडकं आहे आणि मडक्याला देण्याइतका वेळ आहे, त्यांनी खुशाल मडक्यात रांधावं. पण कुकरची बदनामी करायला त्या पुस्तिकेचा आधार मिळत नाही.

कुकरवर माझं प्रेम आहे, त्याचं अर्धं कारण डेनिस पापिन. १६४७मध्ये फ्रान्समधल्या ब्ल्वाजवळ जन्मलेला हा माणूस वैद्यकी शिकला आणि यंत्रांत रमला. पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ हायगेन्सच्या आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली त्याने काम केलं. 'बॉइलचा नियम' म्हटलं की शाळेत वायूचा दाब आणि आकारमान आठवतं. त्याच बॉइलच्या प्रयोगशाळेच्या हवेत वाढलेल्या पापिनने १६७९मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड धातूचं, घट्ट झाकणाचं भांडं ठेवलं. त्याचं नाव 'डायजेस्टर'. कडक हाडं मऊ करून गरिबांच्या पोटात घालावीत, हा त्यामागचा हेतू. भांडं फुटू नये म्हणून त्याने झाकणाला एक झडप बसवली आणि ती वजन लावलेल्या दांडीने दाबून धरली. आत वाफ फार झाली की वजन उचललं जाई आणि वाफ निसटे. आज तुमच्या झाकणावर बसून शिट्टी मारणारं वजन हे त्याच झडपेचं नातवंड.

१२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटीच्या सभासदांना या भांड्यातल्या जेवणाची मेजवानी झाली. इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिन त्या पंगतीत होता आणि त्याने रोजनिशीत सविस्तर लिहून ठेवलं. गाय-मेंढीची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती. इंधन लागलं ते आठ औंसांहूनही कमी कोळसा, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेर! जगातले मोठमोठे तत्त्वज्ञ हाडं चघळत खिदळताहेत, असं ते दृश्य असणार.

पुढे पापिनचं नशीब फिरलं. तो प्रॉटेस्टंट होता. फ्रान्समध्ये १६८५मध्ये प्रॉटेस्टंटांचे हक्क काढून घेतले गेले आणि मायदेशाचे दोर कापले गेले. जर्मनीत प्राध्यापकी करताना १६९०मध्ये त्याने वाफेने दट्ट्या वर-खाली करण्याची कल्पना मांडली. वाफेच्या इंजिनाचं बीज तेच. १७०७मध्ये त्याने वल्ह्यांच्या चाकांची होडी बांधली, तर नदीवरच्या नावाड्यांनी आपला धंदा बुडेल या भीतीने ती मोडून टाकली. तो लंडनला परतला, तेव्हा बॉइल हयात नव्हता. न्यूटन अध्यक्ष असलेल्या रॉयल सोसायटीकडे तो पैशासाठी विनवण्या करत राहिला आणि १७१३च्या सुमारास दारिद्र्यात वारला. आपल्याला शाळेत जेम्स वॅट आणि किटलीच्या उडणाऱ्या झाकणाची गोष्ट सांगतात. वॅटने १७६१च्या सुमारास वाफेवरचे पहिले प्रयोग केले ते पापिनच्या डायजेस्टरवर, हे मात्र कुणी सांगत नाही. किटलीची गोष्ट गोड आहे. श्रेय भलत्याच भांड्याला गेलं. डायजेस्टरनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८७९मध्ये, पाश्चरचा सहकारी चार्ल्स शांबरलाँ याने त्याच तत्त्वावर निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह बनवला. दवाखान्यातला तो ऑटोक्लेव्ह आणि ओट्यावरचा कुकर यांचा दाब आजही जवळपास सारखाच असतो : चौरस इंचाला १५ पौंड. तापमान सुमारे १२० अंश.

हे १२० फार कामाचे आहेत. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं आणि तिथेच अडतं. ज्योत कितीही मोठी करा, जास्तीची उष्णता वाफ होऊन उडून जाते. महाबळेश्वरला तर ते ९५-९६ अंशांवरच उकळायला लागतं, म्हणून तिथे डाळ जास्त रेंगाळते. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट. वीस अंशांनी चौपट. पाऊण तासाची तूरडाळ दहा-बारा मिनिटांत शिजते ती या हिशेबाने.

आणि आपण हा हिशेब शिट्ट्यांमध्ये करतो! 'डाळीला चार, छोल्यांना सात.' शिट्ट्या मोजून डाळ शिजली का हे ठरवणं म्हणजे कंडक्टरने किती वेळा घंटी मारली यावरून एस.टी. किती किलोमीटर गेली ते सांगणं. शिट्टी एवढंच सांगते की आत वाफ जरुरीपेक्षा जास्त झाली. ज्योत मोठी असेल तर पाच मिनिटांत सात शिट्ट्या होतील, बारीक असेल तर एकही नाही आणि डाळ दोन्हीकडे सारखीच शिजेल, कारण आतलं तापमान ते झाकणावरचं वजन ठरवतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करावा आणि घड्याळ बघावं. पापिनला हे कळत होतं. झाकणावरच्या खळग्यात तो पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती वेळ लागतो ते लोलकाच्या हेलकाव्यांवर मोजायचा. सतराव्या शतकात लोलक लावणाऱ्याच्या यंत्रावर एकविसाव्या शतकात आपण शिट्ट्या मोजतो, याची थोडी लाज वाटायला हवी.

आता दुसऱ्या अर्ध्या कारणाकडे येतो. पापिनच्या भांड्यात एका वेळी एकच पदार्थ शिजायचा. कामाच्या दिवशी रात्रीच्या जेवणाची खरी अडचण एका पदार्थाची नसतेच. भात, वरण, भाजी एकाच वेळी तयार हवी आणि माणूस एकच असतो. हा प्रश्न सोडवला कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी. वैद्यकी, वकिली, तत्त्वज्ञान अशा नाना विद्या शिकलेल्या या गृहस्थांनी १९१०मध्ये 'इकमिक कुकर' बनवला. बाहेर उंच नळकांडं, आत एकावर एक डबे, तळाला पाणी आणि खाली कोळशाची छोटी शेगडी. एका डब्यात भात, एकात डाळ, एकात भाजी. कोळसा पेटवायचा आणि आपल्या कामाला जायचं. कोळसा संपला की आच आपोआप बंद, अन्न गरम. जगन्नाथपुरीच्या मंदिरात महाप्रसादाची मडकी एकावर एक रचतात, ते पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. सर्वांत वरचं मडकं आधी शिजतं अशीही तिथली ख्याती आहे. त्यात भक्ती किती आणि भौतिकशास्त्र किती, हा वेगळ्या लेखाचा विषय.

मल्लिकांच्या रचनेतली गंमत वाफेच्या सुप्त उष्णतेत आहे. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी लागते, पण तेवढीच वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते तेव्हा सुमारे ५४० कॅलरी सोडते. जो डबा गार, त्याच्यावर वाफ जास्त जमते आणि त्याला जास्त उष्णता देते. वाटप आपोआप होतं, कुणाला ढवळायला लागत नाही. फक्त इकमिकमध्ये दाब नव्हता, त्यामुळे वेळ लागायचा. हॉकिन्स कंपनी मुंबईत १९५९मध्ये सुरू झाली, पुढे प्रेशर कुकर घरोघरी पोचला आणि त्यात एकावर एक भांडी आली, तेव्हा पापिनचा दाब आणि मल्लिकांची उतरंड एकाच झाकणाखाली नांदू लागली. कुकरच्या डब्यावर या दोघांपैकी एकाचंही नाव नसतं.

या उतरंडीत सगळ्या भांड्यांना तापमान सारखं आणि वेळही सारखा मिळतो. म्हणून बेत आखताना 'काय करायचं' याच्या आधी 'सोबत काय शिजेल' हे बघावं. तांदूळ लवकर शिजतो, तूरडाळ उशिरा. तेव्हा डाळ अर्धा तास भिजवायची आणि तांदळात पाणी बेताचं घालायचं, की दोघांची गाठ पडते. वरच्या भांड्यात लाल भोपळ्याच्या फोडी, बटाटा किंवा कोशिंबिरीसाठी बीट. मेथी-पालकाला मात्र कुकर नको. त्यांना कढईत पाचच मिनिटं पुरतात आणि त्यांचं फोलेट नाजूक असतं. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी, तेवढ्यात काकडी चोचवून होते.

डाळ शिजत नाही म्हणून कंपनीला शिव्या घालण्याआधी पाणी तपासा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. आंबटानेही पेक्टिन लवकर विरघळत नाही. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घालायची आपली रीत रसायनशास्त्राला धरून आहे. चिमूटभर सोड्याने डाळ झटकन शिजते खरी, पण थायमिनचा बळी जातो. त्या १३ टक्केवाल्यांनी सोड्याविरुद्ध मोहीम काढली असती तर मी पहिली सही केली असती. आणि कट फेकू नका, आमटीत घाला. पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वं त्यातच असतात.

वरण-भातात प्रथिनांची जोडी जमते : तांदळात लायसिन कमी, डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. वर लिंबू पिळलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतलात तर उलटं होतं. पोषण संस्थेच्या हिशेबात २००० कॅलरींच्या आहारात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आणि ४०० ग्रॅम भाज्या येतात. आपल्या ताटात सहसा भाताचा डोंगर असतो आणि भाजी तोंडीलावण्यापुरती, हे प्रमाण बदलायला कोणतंही नवं यंत्र लागत नाही.

उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो. तो भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं एक विष फोडणीने नष्ट होत नाही. जेवणं झाली की तास-दोन तासांत भात पसरट भांड्यात फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

राजम्याबद्दल मात्र कुकरची बाजू जोरात मांडायला हवी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास रेंगाळत ठेवलं तर ते नष्ट होत नाही, आणि असा अर्धाकच्चा राजमा कच्च्यापेक्षाही बाधू शकतो. कुकरच्या १२० अंशांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. तेव्हा उद्या रात्री राजम्याचा बेत असेल तर आजच झोपण्याआधी तो भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून द्या, संध्याकाळी झाकणाची रिंग आणि शिट्टीचं भोक साफ आहे ना बघा आणि ताज्या पाण्यात, निर्धास्तपणे कुकर लावा.