तारापोरवाला हें आडनांव कोठून आलें व कोठें गेलें

आपलें नांव आईबाप ठेवितात. आडनांव मात्र पुष्कळदां परके लोक ठेवितात. ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस प्रथम चमत्कारिक वाटेल. कारण हजेरी घेतांना गुरुजी ज्या आडनांवानें हांक मारितात तें आपल्याबरोबरच जन्मास आलें, अशी मुलांची समजूत असते. परंतु पालघर व बोईसर या बाजूच्या कोणत्याहि शाळेचा हजेरीपट जरा लक्षपूर्वक वाचून पाहावा. पाटील, राऊत, चौधरी हीं नांवें हुद्यावरून किंवा मानावरून पडलेलीं. सावे, चुरी, तामोरे, वरठा, हाडळ हीं या किनाऱ्यावरच्या व डोंगरपट्टीच्या जुन्या कुळांचीं. आणि गेल्या पन्नाससाठ वर्षांत कारखान्यांच्या निमित्तानें आलेल्या कुटुंबांचीं यादव, मिश्रा, सिंग इत्यादि नांवें त्यांत मिसळलेलीं. या पटावर एक नांव क्वचितच सांपडेल, आणि नवल असें कीं, तेंच नांव सर्वांहून अधिक आपल्या भागाचें आहे. तें नांव म्हणजे तारापोरवाला, अथवा त्याचेंच आंखूड रूप तारापोर.

बोईसर स्टेशनापासून पश्चिमेस गेलें म्हणजे कांहीं मैलांवर, खाडीच्या तोंडाशीं, चिंचणीच्या समोर तारापूर गांव लागतें. येथील किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. जानेवारी १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें तो मोठ्या शर्थीनें घेतला व त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पुढें मे महिन्यांत वसई पडली, हें विद्यार्थ्यांनीं इतिहासांत वाचलेंच असेल. खाडीमुळें येथें गलबतें येत, आणि व्यापारामुळें नाना जातींचे लोक येऊन राहात. त्यांत पारशी होते. इराणांतून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांनीं संजाण येथें आसरा घेतला, अशी कथा इ. स. १६०० च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’ या पद्यग्रंथांत आहे. संजाण आज गुजराथेंत असलें तरी आपल्या डहाणू तालुक्याच्या उंबरठ्यावरच आहे. तेथून पारशी लोक उत्तरेस नवसारी, भडोच, सुरत येथें पसरले, तसेच दक्षिणेस डहाणू, तारापूर या बाजूसहि उतरले. तारापुरांत त्यांची अग्यारी आहे. व्यापार, ताडीमाडीचे मक्ते व बागाईत हे त्यांचे या किनाऱ्यावरचे व्यवसाय होते.

तर मग तारापुरांत राहणाऱ्या या लोकांस तारापोरवाला हें नांव तेथेंच पडलें काय? आमच्या मतें नाहीं, आणि या आडनांवाची सारी गंमत येथेंच आहे. ज्या गांवांत सगळेच तारापूरचे, तेथें एकास तारापूरवाला म्हणून ओळख काय पटणार? तेथें अमक्याचा मुलगा, तमक्या आळीचा, ताडीवाला, सुतार, एवढें सांगितलें कीं काम भागे. तोच मनुष्य मुंबईस जाऊन कोटांत बिऱ्हाड करूं लागला म्हणजे शेजारी विचारीत, “हा कोठचा?” उत्तर येई, “तारापूरचा.” गुजराथी बोलींत तोच तारापोरवाला झाला. म्हणजे गांवावरून पडणारें आडनांव हें त्या गांवांत राहिल्याचें नव्हे, तर तें सोडल्याचें चिन्ह आहे. आमच्या मराठींतील ‘कर’ प्रत्ययाचीहि हीच कथा. डहाणूकर पुण्यामुंबईस प्रसिद्धीस आले. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांतील पेणकर, रोहेकर, किहीमकर हीं बेनेइस्राएल लोकांचीं नांवेंहि त्यांच्या पूर्वजांच्या खेड्यांवरून आहेत. त्या खेड्यांतून तो समाज बहुतेक निघून गेला, नांवें मात्र इस्राएल देशापर्यंत गेलीं. ‘तारापूरकर’ असें मराठी आडनांवहि आढळतें. तें याच नियमाचें दुसरें फळ होय. पारशांतच पाहूं गेल्यास भरूचा, सुरती, बिलिमोरिया, संजाणा हीं सर्व नांवें अशींच निघून गेलेल्यांचीं आहेत.

याचा एक ठळक पुरावा आपल्या भागांतच आहे. तारापूरचें सर्वांत नामांकित पारशी घराणें विकाजी मेहेरजी यांचें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत विकाजी व त्यांचे बंधु पेस्तनजी यांची सावकारी पेढी निजामाच्या राज्यांत इतकी वाढली कीं, औरंगाबादच्या टांकसाळींतून निघालेल्या रुपयास ‘पेस्तनशाही’ असें नांव पडलें. वऱ्हाडच्या कापसाचा मुंबईशीं व्यापार वाढविण्यांत या पेढीचा हात होता. सिकंदराबादेस १८४७ सालीं उभी राहिलेली अग्यारी या दोघां बंधूंच्या नांवाची आहे. पुढें निजाम सरकाराकडील कर्जाच्या घोटाळ्यांत पेढी बुडाली, तो इतिहास वेगळा. आमच्या विषयास उपयोगी गोष्ट एवढीच कीं, या घराण्याच्या वंशजांनीं ‘विकाजी’ हें मूळ पुरुषाचेंच नांव आडनांव म्हणून चालविलें. ज्याचें नांव स्वतःच गाजलें त्यास गांवाच्या नांवाची गरज लागत नाहीं. ती लागते परगांवीं अनोळखी म्हणून उभ्या राहिलेल्या साध्या माणसास.

येथें पालकांस अशी शंका येईल कीं, लोकांनीं हांक मारिली म्हणून ती कायमची कशी झाली? पूर्वीं ती होतहि नसे. पारशी गृहस्थाचें नांव म्हणजे स्वतःचें व बापाचें, एवढेंच; एकाच आजाचा एक नातू गांवावरून ओळखला जाई व दुसरा धंद्यावरून. परंतु इंग्रजी अंमलांत कचेऱ्या, कोर्टें, शाळा, पेढ्या व भागीदारीच्या कंपन्या आल्या. वहींत लिहिण्यास तीन खणांचें नांव पाहिजे झालें, आणि त्या दिवशीं शेजारी जें म्हणत होते तें तिसऱ्या खणांत बसलें. बसलें तें बसलें. पुढें घराणें तारापुरांतून पुण्यास गेलें, तेथून कलकत्त्यास गेलें, तरी तें पुणेवाला कीं कलकत्तावाला झालें नाहीं. म्हणून गांवांवरून पडलेल्या आडनांवांत आजचा भूगोल दिसत नाहीं. आडनांवें गोठलीं त्या वेळीं कोणतीं गांवें नांवाजलेलीं होतीं, तो भूगोल दिसतो. आज बोईसर हें तारापुराच्या कितीतरी पट मोठें आहे, पण बोईसरवरून पडलेलें आडनांव सहसा कानीं येत नाहीं. बोईसर वाढलें तेव्हां खण भरून गेलेले होते.

तारापूरचे लोक इतके बाहेर कां गेले, याचें कारण फार दूर शोधावयास नको. मुंबई वाढली, तिनें साऱ्या किनाऱ्यावरचे व्यापारी ओढून घेतले. त्यांत १८६४ सालीं गुजराथकडून येणारी रेल्वे मुंबईस पोहोंचली, ती खाडी सोडून आंतून, बोईसरवरून गेली. गलबतांचा माल गाड्यांत चढला, आणि बंदरांतील पेढीपेक्षां स्टेशनाजवळची वखार बरी असें झालें. त्याच १८६४ सालीं मुंबईंत डी. बी. तारापोरवाला सन्स या पुस्तकविक्रेत्यांच्या पेढीची स्थापना झाली, हा योगायोग आम्हांस मोठा सूचक वाटतो. हॉर्नबी रोडवरील (आतां दादाभाई नौरोजी रोड) या दुकानामुळें हें आडनांव हिंदुस्थानांतील वाचनालयांच्या कपाटांत जाऊन बसलें. चर्नी रोडजवळ समुद्राकांठीं १९५१ सालीं उघडलेल्या मत्स्यालयास तारापोरवाला यांचेंच नांव मिळालें, कारण त्या नांवाच्या पारशी दात्यानें त्यासाठीं २ लाख रुपये दिले होते. मुंबईच्या कित्येक पिढ्यांतील मुलांस ‘तारापोरवाला’ म्हणजे मासे, एवढेंच ठाऊक होतें. मूळ गांव कोळ्यांचें व मांगेल्यांचें आहे हें त्यांस कळलें असतें, तर तीं हंसलीं असतीं.

मुंबईच्या पलीकडील वाटा विद्वानांच्या, खेळाडूंच्या व शिपायांच्या मागानें लागतात. अवेस्ता भाषेचे पंडित डॉ. इराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला (१८८४–१९५६) हे कलकत्ता विद्यापीठांत तुलनात्मक भाषाशास्त्राचे अध्यापक होते. झरथुष्ट्राच्या गाथांचें त्यांचें भाषांतर १९५१ मध्यें निघालें. रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झालेले अर्थशास्त्रज्ञ एस. एस. तारापोर यांच्या अध्यक्षतेखालील १९९७ सालची समिति ‘तारापोर समिति’ म्हणूनच ओळखली जाते. बंगळूर येथें राहुल द्रविड यांस लहानपणीं क्रिकेटचे धडे देणारे शिक्षक केकी तारापोर हेच होत. आमच्या क्रिकेटवेड्या विद्यार्थ्यांस या सर्व यादींत हें एकच नांव लक्षांत राहील, हें आम्ही जाणून आहों.

वरील नांवांत कोठें ‘तारापोर’, कोठें ‘तारापोरवाला’ असा फरक दिसतो. ‘पूर’चें ‘पोर’ कसें झालें, हेंहि सांगणें अवश्य आहे. इंग्रज लेखक नागपूर, सोलापूर यांचा शेवट ज्या अक्षरांनीं लिहीत त्यांचा उच्चार ‘पोर’ असा होई. गुजराथी उच्चारहि त्याकडेच झुकणारा. मग कोणीं शेवटचा ‘वाला’ टाकून दिला, कोणीं ठेविला. ठेवणाऱ्यांतहि ‘वाला’ मधील ‘व’ साठीं एकानें एक रोमन अक्षर घेतलें, दुसऱ्यानें दुसरें, तिसऱ्यानें शेवटचा ‘ल’ दुहेरी केला. एकाच गांवाचे लोक याप्रमाणें इंग्रजी याद्यांत चार ठिकाणीं विखुरले. पालकांनीं मुलाचें नांव शाळेंत घालतांना अक्षरें नीट तपासून द्यावीं, असें आम्ही यावरून सुचवितों. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जें उमटतें तें पुढें नातवंडांच्या पासपोर्टापर्यंत जातें.

या आडनांवाचे सर्वांत कीर्तिमान् पुरुष लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्जोरजी तारापोर. यांचा जन्म १९२३ सालीं मुंबईंत झाला, शिक्षण पुण्यास, नोकरी प्रथम हैदराबाद संस्थानच्या लष्करांत व नंतर ‘पूना हॉर्स’ या पलटणींत. सप्टेंबर १९६५ मध्यें सियालकोट भागांत फिलोरा व चाविंडा येथील रणगाड्यांच्या लढाईंत जखमी होऊनहि त्यांनीं आघाडी सोडली नाहीं, आणि १६ सप्टेंबर रोजीं त्यांस वीरमरण आलें. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्यांच्या घराण्यांत अशी कथा सांगतात कीं, रतनजीबा नांवाचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या सेवेंत होते, त्यांस शंभर गांवें इनाम मिळालीं, आणि त्यांतील मुख्य गांव तारापूर यावरून आडनांव आलें. पुढें आजोबा हैदराबादेस निजामाच्या नोकरींत गेले. कथा मानाची आहे, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें थांबावें. महाराजांचें देहावसान १६८० सालीं झालें व आपलें तारापूर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतें. तेव्हां महाराजांनीं तें इनाम दिलें हें कालदृष्ट्या जुळत नाहीं. इनाम पुढच्या मराठी अमलांतील असेल, अथवा गांव निराळें असेल. कारण तारापूर नांवाचीं गांवें अनेक आहेत: एक गुजराथेंत खंबायतच्या बाजूस आहे, एक बिहारांत मुंगेरकडे आहे. आडनांवावरून गांव ओळखतांना ही सावधगिरी नेहमीं ठेवावी. आपले म्हणण्यास योग्य असा पुरुष मिळाला म्हणजे ती सोडण्याचा मोह फार होतो.

आतां हें नांव धारण करणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. २००१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत पारशी ६९,६०१ होते, २०११ मध्यें ते ५७,२६४ उरले. मूल नसलेलीं घरें, उशिरा होणारीं लग्नें, विलायत व अमेरिकेकडे जाणारी तरुण मंडळी हीं कारणें त्यामागें आहेत. ज्या समाजांत मुळांतच माणसें थोडीं, तेथें एका खेड्यावरून पडलेलें आडनांव एखाद्या घरीं मुलगीच जन्मली व ती सासरचें नांव लावूं लागली तरी त्या शाखेपुरतें संपतें.

इकडे ‘तारापूर’ हें गांवाचें नांवहि आपली जागा सोडून हिंडूं लागलें आहे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं देशांतील पहिलें अणुवीजकेंद्र याच किनाऱ्यावर सुरू झालें आणि जगास तारापूर म्हणजे अणुभट्टी अशी ओळख झाली. २००५ व २००६ सालीं सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांच्या लोकांस घरें सोडावीं लागलीं. इतक्या उशिरां उठलेल्या या माणसांस कोणी अक्करपट्टीकर म्हणणार नाहीं. त्यांच्या तिसऱ्या खणांत आधींपासून कांहींतरी लिहिलेलें आहे. ‘तारापूर औद्योगिक क्षेत्र’ पाहावयास जावें तर तें प्रत्यक्षांत बोईसरला लागून आहे, आणि नवखा कामगार तारापूरचा पत्ता विचारीत बोईसरलाच उतरतो.

२३ जानेवारी २०२३ रोजीं अंदमान व निकोबार येथील २१ निनांवी बेटांस परमवीरचक्राच्या मानकऱ्यांचीं नांवें देण्यांत आलीं. त्यांतील एकाचें नांव तारापोर बेट असें ठेविलें आहे. भूगोलाच्या तासास अंदमानचा मोठा नकाशा उघडतील तेव्हां विद्यार्थ्यांनीं तें शोधावें. जुन्या नकाशांत मात्र तें या नांवानें सांपडणार नाहीं.