परतीचा परवाना

व्यसनापायी नर्सिंगचं लायसन्स गमावलेल्या अमेरिकेतल्या परिचारिकांना ते परत मिळू शकतं. वाट लांबची आहे, खर्चिक आहे, कडक आहे. ती उघडी असण्यात रुग्णाचंही हित आहे.

अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डात औषधांचं एक कुलूपबंद यंत्र-कपाट असतं. पिक्सिस, ओम्निसेल ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. नर्सने आपली ओळख पटवली, रुग्णाचं नाव निवडलं, की तेवढाच कप्पा उघडतो आणि वेळेसकट नोंद होते. फेंटानिलच्या 100 मायक्रोग्रॅमच्या कुपीतलं रुग्णाला 50 मायक्रोग्रॅमच द्यायचं असेल, तर उरलेलं औषध दुसऱ्या नर्ससमोर टाकून द्यायचं आणि दोघींनी तशी नोंद करायची, असा नियम आहे. पण रात्री तीनला वॉर्ड भरलेला असतो, दुसऱ्या सिस्टरच्या रुग्णाच्या खाटेवरची बेल वाजत असते. ती न बघताच साक्षीदार म्हणून नोंद करून मोकळी होते. व्यसनात अडकलेल्या नर्सच्या हाती औषध लागतं ते पुष्कळदा याच फटीतून.

ही नर्स कामचुकार असेलच असं नाही. जादा ड्यूटी मागून घेणारी, नाइटला कधी नाही न म्हणणारी, नव्या मुलींना हाताशी धरून शिकवणारी अशीही ती असते. सुरुवात साधी असते. रुग्णाला उचलताना पाठीत चमक भरते, डॉक्टर वेदनाशामक गोळ्या लिहून देतात, दुखणं उतरतं पण गोळी सुटत नाही. औषध हाताशी असतं, डोस पाठ असतो आणि ‘मला यातलं कळतं’ हा भरवसा असतो. तोच घात करतो. अफूच्या कुळातल्या औषधांची शरीराला सवय लागली, की ती मिळाली नाहीत तर अंग मोडून येतं, घाम फुटतो, पोटात कळा येतात. मग नशा करण्यासाठी नव्हे, नुसतं उभं राहून ड्यूटी करता यावी म्हणून औषध लागतं.

कपाटाचा हिशेब कधीतरी बोलतोच. इतर नर्सच्या तुलनेत हिच्या नावावर कुप्या जास्त निघतात, हिने औषध दिल्याची नोंद असलेले रुग्ण तरीही कण्हत असतात. मग एका खोलीत बोलावणं येतं, लघवीचा नमुना घेतला जातो, राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे तक्रार जाते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एक कागद समोर येतो : परवाना स्वेच्छेने परत करत असल्याचा. खचलेली, शरमेने मान खाली घातलेली बाई त्यावर सही करते. प्रकरण मिटेल, असं तिला वाटत असतं. खरं तर इथून ते सुरू होतं.

बोर्डासमोर त्या वेळी साधारण तीन रस्ते असतात. पहिला उपचाराचा. फ्लोरिडाने 1983 मध्ये परिचारिकांसाठी असा कार्यक्रम सुरू केला, कॅलिफोर्नियाने 1985 मध्ये. व्यसन हा आजार आहे असं धरून नर्सला कामावरून बाजूला काढायचं, उपचार द्यायचे, पुढे काही वर्षं देखरेख ठेवायची, आणि तिने अटी पाळल्या तर प्रकरण सार्वजनिक करायचं नाही, अशी याची रीत. दुसरा शिस्तभंगाचा : परवाना राहतो, पण प्रोबेशनवर, आणि ते कुणालाही दिसतं. तिसरा परवाना गमावण्याचा. चौकशी चालू असताना स्वतःहून परत केलेला परवाना या तिसऱ्या रस्त्यातच मोडतो. कागदावर ‘स्वेच्छेने’ असलं तरी कायद्याच्या नजरेत ती शिक्षाच.

या सहीचे धागे दूरवर जातात. आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय डेटा बँकेत नोंद होते. नर्सिस या देशव्यापी नोंदवहीत मालक, दुसरी राज्यं, कुणीही ती बघू शकतं. एका परवान्यावर अनेक राज्यांत काम करण्याची जी सोय आहे, ती बंद होते. आणि ज्याची अनेकींना कल्पनाही नसते ते म्हणजे केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांची वगळलेल्यांची यादी. त्या यादीत नाव गेलं, की मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजनांचा पैसा घेणारी संस्था तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही, आणि तो पैसा न घेणारं रुग्णालय तिथे शोधून सापडायचं नाही. पुढे राज्याने परवाना परत दिला तरी या यादीतून नाव आपोआप निघत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. परवाना हातात आणि नोकरी मात्र कुठेच नाही, अशी कोंडी यातून होते.

मग वाट पाहणं. कॅलिफोर्नियात परवाना रद्द झाल्यावर किंवा परत केल्यावर साधारण तीन वर्षांनी फेरअर्ज करता येतो. बोर्डाने आदेशात तसं म्हटलं असेल तर काहीसा आधी, पण एक वर्षाच्या आत नाहीच. न्यूयॉर्कमध्येही मुदत तीन वर्षांची आहे आणि शेवटचा शब्द राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सचा असतो. तिथे तीन गोष्टी तपासल्या जातात : पश्चात्ताप, पुनर्वसन आणि पुनर्शिक्षण. सिद्ध करण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदाराची. आपण निर्दोष आहोत असं तिला म्हणायचं नसतं. आपल्या हाती आज रुग्ण सुरक्षित आहे, हे तिला दाखवायचं असतं.

म्हणून ही तीन वर्षं नुसती लोटायची नसतात. उपचार केंद्राचे कागद, समुपदेशकाचा अहवाल, स्वखर्चाने करून घेतलेल्या अचानक चाचण्यांचे निकाल, व्यसनमुक्तांच्या बैठकांची हजेरी, नंतर केलेल्या नोकरीतल्या वरिष्ठांचं पत्र, रिफ्रेशर कोर्स, निरंतर शिक्षणाचे तास. फाइल पहिल्या दिवसापासून लावावी लागते. व्यसनमुक्त महिने मागाहून सिद्ध करता येत नाहीत. सगळ्यात अवघड असतं ते स्वतःचं निवेदन. ‘कामाचा ताण होता, घरी अडचणी होत्या’ एवढ्यावर सुनावणी पुढे सरकत नाही. औषध कसं घेतलं, नोंदी कशा खोट्या केल्या, आणि त्या रात्री कुणाचं दुखणं तसंच राहिलं, हे नर्सला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर कळा सोसत पडलेल्या माणसाच्या वाटणीचं औषध आपण घेतलं, हे वाक्य पूर्ण उच्चारता येणं ही बरं होण्याची मोठी पायरी असते.

अर्ज मंजूर झाला तरी मोकळीक मिळत नाही. कॅलिफोर्नियात बहुधा परवाना बहाल करतात, लगेच रद्द करतात आणि त्या रद्द करण्याला स्थगिती देऊन प्रोबेशनवर ठेवतात. 2008 च्या कायद्यानंतर तिथे आरोग्य व्यवसायातल्या व्यसनग्रस्तांसाठी समान निकष ठरले. पहिल्या वर्षी 52 ते 104 चाचण्या, दुसऱ्यापासून पाचव्या वर्षापर्यंत वर्षाला 36 ते 104. रोज सकाळी फोनवर किंवा ॲपवर बघायचं, आज आपला नंबर आहे का. असला तर ड्यूटी असो, मुलाची शाळा असो, ठरलेल्या वेळेत जाऊन नमुना द्यायचा. दारूसाठी केली जाणारी इथाइल ग्लुकुरोनाइडची चाचणी इतकी तिखट, की प्यायल्यानंतर दोन-तीन दिवसांनीही ती खूण पकडते. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनेही गोंधळ होऊ शकतो. खसखस घातलेला पदार्थही टाळावा लागतो. बाहेरगावी जायचं तर आधी कळवायचं. खर्च बहुतेक ठिकाणी नर्सनेच सोसायचा.

कामावरही बंधनं असतात. सहसा पहिले काही महिने अफूजन्य औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही, रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही, एकटीने घरोघर जाऊन करायचं काम नाही. सोबतच्या सिस्टरना तिच्या रुग्णांची इंजेक्शनं द्यावी लागतात, म्हणजे गोष्ट लपून राहत नाही. अनेकजणी म्हणूनच डायलिसिस केंद्रात, वृद्धांच्या शुश्रूषागृहात, विमा कंपनीच्या कागदपत्रांच्या कामात किंवा व्यसनमुक्ती केंद्रातच पहिली नोकरी शोधतात.

एवढी कडक व्यवस्था का, याचं उत्तर न्यू हॅम्पशायर राज्यात मिळतं. डेव्हिड क्वियाटकोव्स्की हा नर्स नव्हता, रुग्णालयातला तंत्रज्ञ होता. रुग्णांसाठी भरून ठेवलेल्या फेंटानिलच्या सिरिंज चोरायच्या, स्वतः टोचून घ्यायच्या आणि त्यात सलाइन भरून परत ठेवायच्या, असं तो करत असे. त्याला हिपॅटायटिस सी होता. 40 हून अधिक लोकांना त्याच्यामुळे लागण झाली. 2012 मध्ये त्याला अटक झाली, 2013 मध्ये 39 वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी दुसऱ्या राज्यांतल्या रुग्णालयांत त्याच्यावर संशय आला होता, त्याला काढलंही होतं. पण तो पुढच्या गावी पुढची नोकरी धरत राहिला. नुसतं हाकलून दिल्याने धोका संपत नाही, तो पत्ता बदलतो. देखरेखीखालची नर्स बोर्डाच्या नजरेसमोर असते. नोकरी आणि इभ्रत जाईल या धास्तीने लपणारी नर्स कुणाच्याच नजरेसमोर नसते, आणि रुग्णाला खरा धोका तिच्यापासून असतो.

व्यवस्थाही चुकते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही मान्यताप्राप्त औषधं आहेत. इंडियाना राज्यात ती घेणाऱ्या परिचारिकांना साहाय्य कार्यक्रमात येऊ दिलं जात नव्हतं. म्हणजे ज्या औषधाने नर्स बरी राहते, तेच सोडल्याशिवाय तिला परवाना टिकवण्याची वाट मिळत नव्हती. हा अपंगत्वविषयक कायद्याचा भंग आहे, असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय खात्याने मार्च 2022 मध्ये काढला. मधुमेही नर्सला इन्सुलिन सोड म्हणण्यासारखंच ते होतं.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसनी माणूस वाईट नसतो, आजारी असतो, हे मराठी घराघरांत पोचवण्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं 64 अ हे कलमही, थोड्या प्रमाणात पदार्थ बाळगल्याबद्दल किंवा सेवन केल्याबद्दल आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपणहून उपचार घेतले, तर त्याला खटल्यातून सूट देतं. पण हेच औदार्य आपण रुग्णाला दाखवतो तसं शुश्रूषा करणाऱ्याला दाखवतो का? ‘सिस्टरच असं करायला लागल्या तर’ हे वाक्य आपल्या तोंडून पटकन निघतं, आणि मदत मागायला निघालेली बाई उंबऱ्यावरूनच मागे फिरते.

परदेशात काम करणाऱ्या मराठी परिचारिकांनी, आणि त्यांच्या घरच्यांनी, काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परवाना परत करण्याच्या कागदावर त्याच बैठकीत सही करू नये. नर्सिंग बोर्डाची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला आधी दाखवावा. व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही, कारण अमली पदार्थांबाबत दिलेल्या कबुलीचे परिणाम तिथवर पोचू शकतात. राज्यात उपचाराचा पर्यायी कार्यक्रम आहे का, ते विचारावं; तक्रार होण्याआधी आपणहून गेलेल्या नर्सला तिथे सहसा जास्त वाव असतो. आणि उपचार आजच सुरू करावेत, परवान्याचं काय होईल याची वाट न बघता.

परवाना हा नर्सचा हक्क नव्हे, लोकांनी तिच्यावर टाकलेला विश्वास आहे, असं बोर्ड म्हणतात आणि ते बरोबर आहे. मोडलेला विश्वास पुन्हा मिळवण्याची रीत ठरलेली असावी, ती कडक असावी आणि ती प्रत्येकीला माहीत असावी. वेळीच तोंड उघडलं तर परत येता येतं हे ठाऊक असलेली नर्स आपणहून पुढे येते. तिने तोंड उघडलं तो दिवस आणि ती पकडली गेली असती तो दिवस, या दोहोंमध्ये जितके रुग्ण तिच्या हाताखालून गेले असते, तितके या उघड्या वाटेने वाचतात.