याचकांची विमाने

मंदीने जेरीस आलेल्या जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपन्यांचे प्रमुख नोव्हेंबर २००८ मध्ये वॉशिंग्टनला गेले, ते २५ अब्ज डॉलरचे सरकारी साहाय्य मागण्यासाठी. गेले मात्र तीन स्वतंत्र खासगी विमानांतून! प्रतिनिधिगृहाच्या समितीत त्यावरून त्यांची शोभा झाली. डिसेंबरमध्ये हेच गृहस्थ मोटारीने राजधानीत आले आणि वर्षाला एक डॉलर वेतन घेण्याची तयारीही त्यांनी दाखविली.

मागितलेल्या रकमेच्या मानाने विमानप्रवासाचा खर्च नगण्य होता, हा युक्तिवाद हिशेबाला धरून असेल, न्यायाला नव्हे. उद्योग बुडू लागला की पहिली कुऱ्हाड कामगारांवर पडते. त्याच महिन्यात बुश सरकारने जनरल मोटर्स व क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले. परदेशी कंपन्यांच्या अमेरिकेतील कारखान्यांत जे वेतनमान होते, त्या पातळीवर कामगारांचे वेतन आणण्याचे उद्दिष्ट त्यात होतेच. परंतु खासगी विमाने काढून टाकावीत, वरिष्ठांच्या वेतनभत्त्यांना मर्यादा असावी, हेही कर्जाच्या अटींत लिहिले गेले.

महत्त्व आहे ते या लेखी अटींना. मोटारीचा प्रवास आणि एक डॉलरचे वेतन ही लोकलज्जा झाली. वृत्तपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळले की ती ओसरते. ज्याला करदात्यांचा पैसा हवा, त्याच्या चैनीला कात्री लावण्याचे कलम करारातच असले पाहिजे आणि तेही कामगारांच्या वेतनकपातीच्या कलमाआधी.